लाईट गेली तरी सेशन जिवंत: मेनफ्रेमचा सेशन मॅनेजर रोजच्या कामात कसा वापरायचा

भाच्याला मागच्या महिन्यात मेनफ्रेम (मोठ्या कंपन्यांचा मोठा कॉम्प्युटर) सपोर्टचं काम लागलं, कंपनी पुण्याची पण काम घरून, त्यामुळं जुळे सोलापुरात वरच्या खोलीत टेबल टाकून बसलाय. तिसऱ्याच रात्री साडेअकराला फोन. "मामा, लॉगऑन केलं तर टीएसओ येतच नाही हो, नुसती एक यादी येतीय दहा-बारा नावांची, आणि खाली कसल्या कसल्या की लिहिल्यात." टीएसओ म्हणजे मेनफ्रेमवर बसून कमांड द्यायची जागा, आणि ती यादी होती सेशन मॅनेजरची. म्हटलं अरे ती यादीच तुझं ऑफिस आहे, ट्रेनिंगला नाही का सांगितलं कुणी? नाही म्हणाला. कुणीच सांगत नाही हे, कोबोल ही प्रोग्रामची भाषा शिकवतात, जॉब (मागं आपोआप चालणारी कामं) लावायची जेसीएल शिकवतात, आणि दिवसाचे नऊ तास ज्या स्क्रीनमधून जायचंय ती मात्र ज्याची त्यानं शोधून काढायची. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. कमांड वाचायला सोप्या पडाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी हे कशासाठी आलं ते

आयबीएमचं ३२७० टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड, १९७१ चं. त्याची पद्धत अशी की तुम्ही स्क्रीनवर काहीही टाइप करा, मेनफ्रेमला त्यातलं काही कळत नाही, एंटर नाहीतर पीएफ की (आपल्या एफ१, एफ२ सारख्या) दाबली की मगच सगळं एकदम जातं. १९७४ ला एसएनए नावाची नेटवर्कची मांडणी आली आणि तिच्यासोबत ते नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, व्हीटॅम. व्हीटॅमच्या हिशोबात प्रत्येक टर्मिनल म्हणजे एक एलयू, नेटवर्कचं एक टोक, आणि डिस्प्ले टर्मिनलचा एलयू एका वेळी एकाच ॲप्लिकेशनशी बोलू शकतो. टीएसओत बसलाय आणि सीआयसीएस (रोजचे व्यवहार चालवणारी सिस्टिम) बघायचंय? टीएसओतून लॉगऑफ, सीआयसीएसला लॉगऑन, तिथलं बघून लॉगऑफ, परत टीएसओ, परत पासवर्ड. ज्यांचं वजन होतं त्यांच्या टेबलावर दोन-दोन टर्मिनल असायचे.

सेशन मॅनेजरनं यात एक गंमत केली. तुमच्या टर्मिनलपुढं तो स्वतः ॲप्लिकेशन बनून उभा राहतो आणि पलीकडं खऱ्या ॲप्लिकेशनपुढं टर्मिनल बनून बसतो, म्हणजे टीएसओसाठी एक खोटा टर्मिनल, सीआयसीएससाठी दुसरा, आयएमएस या तशाच दुसऱ्या सिस्टिमसाठी तिसरा. या खोट्यांना व्हर्च्युअल टर्मिनल म्हणतात. तुमचं सेशन एकच, त्याच्याशी. त्याची सेशनं हवी तेवढी.

सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन बघा, एक कामगार तीन-चार माग सांभाळतोय. एकाचं सूत तुटलं तर तेवढाच माग थांबतो, बाकीचे खडखडत राहतात. कामगार ह्याच्यावरून त्याच्यावर जातो, माग जागेवरच. आणि कामगार चहाला गेला म्हणून माग बंद होत नाहीत, हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

नावं बरीच दिसतील. टीपीएक्स सगळ्यात जास्त, तो आधी लेजंटचा, १९९५ ला सीएकडं गेला, २०१८ ला सीएच ब्रॉडकॉमनं घेतली. सुपरसेशन हा कँडलचा, कँडल २००४ ला आयबीएमनं घेतली. मॅक्रो फोरचा ट्यूब्ज आहे, आयबीएमचा नेटव्ह्यू ॲक्सेस सर्व्हिसेस होता. स्क्रीन वेगवेगळी दिसते पण आतलं डोकं एकच, एक नीट कळला की बाकीच्यांना अर्धा तास पुरतो.

इम्युलेटर आधी नीट बसवा

इम्युलेटर म्हणजे पीसीवर ३२७० टर्मिनलचं काम करणारा प्रोग्राम. हे सोडून लोक पुढं पळतात आणि मग सहा महिने २४ ओळींत काम करत बसतात. टर्मिनलची मॉडेलं चार: मॉडेल २ म्हणजे २४ ओळी ८० कॉलम, मॉडेल ३ म्हणजे ३२ ओळी, मॉडेल ४ म्हणजे ४३ ओळी, तिघांचेही कॉलम ८०, आणि मॉडेल ५ म्हणजे २७ ओळी पण १३२ कॉलम. स्पूलमधलं (जॉबनं छापायला टाकलेलं) आउटपुट बघायचं काम जास्त असेल तर ५ घ्या, कोड वाचायचं असेल तर ४. मॉडेल कनेक्ट व्हायच्या आधी ठरतं, मधेच बदललं तर काही होत नाही, डिसकनेक्ट करून परत जोडावं लागतंय.

आता मॉडेल ४ लावलं, तरी आयएसपीएफ (टीएसओतलं मेनू आणि एडिटरवालं) २४ च ओळी दाखवतंय. आधी आयएसपीएफच्या ऑप्शन ० मध्ये स्क्रीन फॉरमॅट बघा, तिथं मॅक्स करा. तरी नाही झालं तर दोष तुमच्याकडं नाहीच. टीएसओ तुमच्या खऱ्या टर्मिनलशी बोलतच नाहीये, ते त्या व्हर्च्युअल टर्मिनलशी बोलतंय, आणि त्याचा लॉगमोड (स्क्रीनचा आकार ठरवणारी सेटिंग) जर कुणी मॉडेल २ चा लावून ठेवला असेल तर तुम्ही भिंतीएवढा मॉनिटर आणला तरी २४ च. नेटवर्कवाल्यांना किंवा सेशन मॅनेजर बघणाऱ्यांना सांगायचं की माझ्या टीएसओ सेशनला डायनॅमिक लॉगमोड द्या. नुसतं "स्क्रीन लहान दिसतीय" असं तिकीट टाकलं तर फॉन्ट वाढवा म्हणून उत्तर येतं, अनुभव आहे.

कीबोर्डचं पण आत्ताच उरकून घ्या. बऱ्याच इम्युलेटरमध्ये मेनफ्रेमचा एंटर उजव्या कंट्रोलवर असतो आणि आजकालच्या निम्म्या लॅपटॉपला उजवा कंट्रोलच नसतो. की मॅप उघडा, एंटरवर एंटर ठेवा, रीसेट, क्लिअर, पीए१, पीए२ आणि अटेन्शन कुठं आहेत ते शोधून कागदावर लिहा. पीएफ१३ ते २४ साधारण शिफ्ट धरून एफ१ ते एफ१२. कागद मॉनिटरला चिकटवा, लाजायचं काय त्यात, माझ्याकडं अजून आहे.

मेनू वाचायला शिका

लॉगऑन झाल्यावर जी यादी येते तिच्यात टीपीएक्समध्ये चार गोष्टी दिसतात: सेशनचं छोटं नाव, त्याला दिलेली की, वर्णन, आणि स्टेटस. सेशन उघडायचं तर त्या ओळीपाशी जाऊन निवडायचं, किंवा त्याची की दाबायची. खालच्या ओळींत मेनूला परत यायची की, एका सेशनवरून पुढच्यावर उडी मारायची की, आणि कमांड द्यायची की लिहिलेली असते. या तीन पाठ झाल्या की ऐंशी टक्के काम झालं.

पण की निवडताना एक घोळ होतो. सेशन मॅनेजर त्याच्या की स्वतःच गिळतो, पुढं ॲप्लिकेशनला जाऊच देत नाही. समजा मेनूची की पीएफ१२ आहे, तर आयएसपीएफमध्ये पीएफ१२ म्हणजे मागची कमांड परत आणायची, ती तुम्हाला कधीच मिळणार नाही, दाबली की मेनू. भाच्याचं नेमकं हेच होत होतं. पीए१ वर ठेवाल तर टीएसओत चालू गोष्ट थांबवायची सोय गेली. म्हणून माझं मत, मेनू पीएफ२४ वर आणि उडी पीएफ२३ वर ठेवा, कारण आयएसपीएफमध्ये १३ ते २४ या बहुतेक वेळा १ ते १२ च्याच जोडीदार असतात, तिथं काही बिघडत नाही. तुमचं एखादं सीआयसीएस ॲप्लिकेशन पीएफ२४ वापरत असेल तर मात्र आधी बघून घ्या. स्वतःच्या प्रोफाइलमध्ये की बदलायची परवानगी बऱ्याच ठिकाणी असते, नसली तर मागायची.

आयएसपीएफचं स्वतःचं स्प्लिट स्क्रीन असतंय, पीएफ२ नं फोडायचं, पीएफ९ नं अदलाबदल, स्टार्ट कमांडनं आणखी उघडायच्या, स्वॅप लिस्ट म्हटलं की यादी येते. मग सेशन मॅनेजर कशाला, असं भाच्यानं विचारलंच. कारण ते सगळे तुकडे एकाच टीएसओ सेशनच्या पोटात आहेत. एका तुकड्यात मोठी कमांड चालू केली आणि कीबोर्ड अडकला की सगळे तुकडे अडकले. सेशन मॅनेजरमध्ये टीएसओ अडकलं तरी मेनूची की दाबून तुम्ही सीआयसीएसमध्ये जाऊ शकता, ते मोकळंच असतंय. दोन्ही वापरा: एकाच सिस्टिमवरचं काम आयएसपीएफच्या तुकड्यांत, वेगळ्या सिस्टिमा सेशन मॅनेजरच्या ओळींत. आणि प्रॉडक्शन (खरं काम चालतं ती सिस्टिम) आणि टेस्टची सेशनं एकमेकांच्या शेजारी ठेवू नका बाबांनो, उडीची की एकदा जास्त दाबली गेली की टेस्ट समजून प्रॉडक्शनमध्ये कमांड जाते. जमलं तर आयएसपीएफमध्ये दोघांचे रंग वेगळे ठेवा, माझं प्रॉडक्शन सगळं लाल.

सोडणं वेगळं, बंद करणं वेगळं

इथं जरा थांबतो, कारण हे नीट कळलं नाही म्हणून मी मार खाल्लाय.

साध्या, सरळ टीएसओला जोडलेल्या टर्मिनलची लाइन तुटली तर टीएसओला ते कळतं. सिस्टिममध्ये ठरवून दिलेली काही मिनिटं ते वाट बघतं, तेवढ्यात रीकनेक्ट केलं तर काम जिथं होतं तिथं मिळतं, नाहीतर सेशन उडतं. सेशन मॅनेजरमधून गेलात तर मात्र टीएसओ व्हर्च्युअल टर्मिनलशी बोलतंय आणि तो मेनफ्रेमच्या आतच आहे. तुमच्याकडं लाईट गेली, नेट गेलं, मांजरानं वायर ओढली, टीएसओला पत्ताच नाही. सेशन मॅनेजरची सेटिंग तशी असेल, आणि बहुतेक ठिकाणी असते, तर तुम्ही अर्ध्या तासानं परत आलात की यादीत सेशनं ॲक्टिव्ह, आत गेलात की कर्सर जिथं ठेवला होता तिथंच. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पारा ४० च्या वर आणि लाईटचा लपंडाव, त्यात घरून काम करणाऱ्याला हे म्हणजे देवच.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, महिनाअखेर, रात्री दोनला मी एका पॅरामीटर लायब्ररीतला मेंबर (लायब्ररीतली एक फाइल) एडिटमध्ये उघडला, एक तारीख बघायची होती, नुसती बघायची. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टर आधीच मेलेला. म्हटलं शिफ्ट संपतच आलीय, टीएसओ आपोआप उडेल, आणि गच्चीवर जाऊन झोपलो. टीएसओ उडालं नाही. आमच्या आयडींना टाइमआउट लावलेला नव्हता, आणि लाइन तुटल्याचं टीएसओला कळायचा प्रश्नच नव्हता. तीन वाजता एका जॉबला तीच लायब्ररी एकट्यासाठी हवी होती, म्हणजे डिस्प ओल्ड. कन्सोलवर मेसेज आला की जॉब डेटासेटसाठी, म्हणजे त्या लायब्ररीसाठी, थांबलाय, आणि तो थांबला तो सहा वाजेपर्यंत, मागची सगळी रांग त्याच्या मागं. शेवटी ऑपरेटरनं डी जीआरएस देऊन डेटासेट कुणी धरलाय ते काढलं, माझा आयडी निघाला, त्यानं कॅन्सल केला, जॉब सुटला. सकाळी सात वाजता मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसलो होतो, घास तसाच राहिला.

तेव्हापासून काही गोष्टी करतो, तुम्ही पण करा. नुसतं बघायचं असेल तर एडिट नाही, व्ह्यू किंवा ब्राउझ. एडिट उघडलं की त्या मेंबरवर तुमचं नाव लागतं आणि दुसऱ्याला मेंबर इन यूज दिसतं. व्ह्यूमध्ये तसं होत नाही, पण लायब्ररी अलोकेट तरीही होतेच, म्हणजे तुमच्या नावावर धरलेली राहते, म्हणून उठताना तिथूनही बाहेर या. जेवायला जाताना प्रत्येक सेशन निदान आयएसपीएफच्या पहिल्या मेनूपर्यंत मागं आणून ठेवा. शिफ्ट संपली की मेनूवर जाऊन स्टेटसचा कॉलम वरून खाली वाचायचा, जिथं ॲक्टिव्ह दिसेल तिथं आत शिरायचं, ॲप्लिकेशनच्या पद्धतीनं लॉगऑफ व्हायचं, मग पुढची ओळ. सेशन मॅनेजरमधून बाहेर पडताना दोन रस्ते असतात, सेशनं चालू ठेवून जायचं किंवा सगळी मोडून जायचं. मोडायचा रस्ता घाईत वापरू नका, तो ॲप्लिकेशनला विचारत नाही, खालची लाइन कापतो, आणि न जतन केलेलं एडिट मग आयएसपीएफच्या रिकव्हरीवर अवलंबून, ती चालू असली तर पुढच्या वेळी विचारेल.

सीआयसीएसबद्दल एवढंच की ज्या प्रोग्रामात मधल्या वेळात काही धरून ठेवत नाहीत तिथं स्क्रीन उघडी राहिली तरी फार बिघडत नाही, पण जुने कॉन्व्हर्सेशनल प्रोग्राम अजून आहेत, ते अपडेटसाठी रेकॉर्ड धरून तुमच्या एंटरची वाट बघत बसतात. अशा स्क्रीनवरून उडी मारून चहाला गेलात की दुसऱ्या कुणाचंतरी काम तुमच्या चहाएवढं थांबतंय.

उलट वेळ आली, म्हणजे दुसऱ्यानं धरून ठेवलंय आणि तुम्ही अडकलात, तर आधी मेसेज आला की पीएफ१ दाबा, बहुतेक वेळा कुणी धरलंय त्याचा आयडी तिथंच कळतो. नाहीतर आयएसपीएफमध्ये टीएसओ आयएसआरडीडीएन द्या आणि तिथं एन्क्यू कमांड, डेटासेटच्या नावासकट यादी येते. ऑपरेटरला उठवायच्या आधी त्या माणसाला फोन करा, बिचारा गच्चीवर झोपला असेल.

अडकलं तर

खाली एक्स आणि घड्याळाचं चिन्ह दिसतंय, काहीच टाइप होत नाही. खिडकी बंद करून परत उघडायचा मोह होतो, पण उपयोग शून्य, परत आलात की तेच अडकलेलं सेशन जसंच्या तसं वाट बघत असतंय. त्यापेक्षा आधी रीसेट, मग मेनूची की. मेनू आला म्हणजे तुमची लाइन आणि सेशन मॅनेजर ठणठणीत, अडकलंय ते पलीकडचं ॲप्लिकेशन. टीएसओ असेल तर आत जाऊन अटेन्शन किंवा पीए१ दाबून बघा, आणि एकदाच दाबा, दहा वेळा नाही. तरी हललं नाही तर मेनूवरून तेवढं एकच सेशन बंद करा, परत उघडा, टीएसओचा लॉगऑन पॅनेल येईल. तिथं तसंच एंटर केलं तर आयकेजे ५६४२५ आय असा मेसेज येतो की हा आयडी आधीच लॉगऑन आहे. घाबरू नका, त्याच पॅनेलवर खाली रीकनेक्ट लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं एस टाका आणि एंटर. रीकनेक्ट पण लटकलं तरच ऑपरेटरला आयडी कॅन्सल करायला सांगा.

आणि एबेंड ५२२ (मधेच मोडल्याचा कोड) दिसला तर काही बिघडलेलं नाही, तुम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त गप्प बसलात म्हणून सिस्टिमनं टीएसओ काढून टाकलं. आमच्याकडं हा तेव्हा असता तर माझा तो घास घशाखाली गेला असता.

मेनूच आला नाही तर दोष अलीकडं, नेट किंवा व्हीपीएन. तेव्हा खिडकी बंद करायला हरकत नाही.

पासवर्ड आणि स्क्रिप्टा

सेशन मॅनेजर एकदा पासवर्ड घेतो आणि पुढच्या ॲप्लिकेशनांना आपोआप नेऊन सोडतो, त्यासाठी छोट्या स्क्रिप्टा असतात, टीपीएक्समध्ये त्यांच्या भाषेला एसीएल म्हणतात. कुठली स्क्रीन आली, त्यात काय भरायचं, कुठली की दाबायची, बस. आधीच्या माणसाची स्क्रिप्ट उसनी घेताना एकच बघा, आत पासवर्ड सरळ लिहिलेला तर नाही ना. असेल तर घेऊ नका, आणि त्यालाही सांगा. सुरक्षेचं तर झालंच, पण तुम्ही पासवर्ड बदलला की ती स्क्रिप्ट जुनाच टाकत राहते आणि दोन-चार सेशनं पाठोपाठ उघडली की तुमचा आयडी रिव्होक, म्हणजे बंद. त्याऐवजी युजर आयडी आणि पासवर्डची व्हेरिएबलं वापरायची. त्याहून बरं म्हणजे पासटिकीट, हे आरएसीएफ या मेनफ्रेमच्या सुरक्षा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं, सेशन मॅनेजर प्रत्येक लॉगऑनला एकदाच चालणारा, साधारण दहा मिनिटांत बाद होणारा तुकडा तयार करतो आणि पासवर्डच्या जागी तोच देतो. हे तुमच्या हातात नसतं, पण साइटवर आहे का ते विचारायला पैसे पडत नाहीत.

फाइल ट्रान्सफर करायची असेल तर आयएसपीएफच्या ऑप्शन ६ वर जाऊन करा आणि चालू असताना उडीच्या कीला हात लावू नका, चहा प्या.

ज्यांच्या गळ्यात हे सांभाळायचं पडलंय त्यांच्यासाठी थोडं

व्हर्च्युअल टर्मिनल म्हणजे व्हीटॅमच्या लायब्ररीत लिहिलेली एपीपीएल स्टेटमेंटं, एकेका ॲप्लिकेशनची नोंद. प्रत्येकाला ईएएस (किती सेशनं होतील त्याचा अंदाज) एक द्या, एका टर्मिनलचं सेशन एकच, उगाच मेमरी कशाला. टीएसओसाठी सामायिक पूल चालतो, ज्याला जो मोकळा मिळेल तो. पण जुन्या आयएमएसमध्ये टर्मिनलच्या नावावर बरंच काही बांधलेलं असतं, कुणाला कुठला ट्रान्झॅक्शन, कुणाचा प्रिंट कुठं, तिथं सामायिक पूल दिला तर सोमवारी ते नाव ज्याला मिळालं त्याचे प्रिंट मंगळवारी ते नाव मिळालेल्या माणसाला. अशांना ठरलेलं नाव द्या. पूल मोजताना माणसं मोजू नका, माणसं गुणिले उघडी सेशनं मोजा, आणि सोडून गेलेली पण धरा, कारण वर सांगितलंच, सोडलेलं सेशन टर्मिनल अडवून बसतंय. सकाळी दहाला टर्मिनल उपलब्ध नाही अशी बोंब आली की आधी रात्रपाळीची उघडी सेशनं बघा, पूल नंतर वाढवा.

घरी हात बसवायचा तर

पोरं विचारतात म्हणून. हर्क्युलिस नावाचा अख्ख्या मेनफ्रेमचाच फुकट इम्युलेटर आहे, रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला, साध्या पीसीवर चालतो, त्यावर एमव्हीएस ३.८ जे ही जुनी सिस्टिम टीके४ किंवा टीके५ नावाच्या तयार गठ्ठ्यात मिळते. टर्मिनलसाठी एक्स३२७० आणि त्याचे भाऊबंद, तेही फुकट. आतमध्ये टीपीएक्स मिळणार नाही. पण दोन खिडक्या उघडा, दोन्हींत एकाच आयडीनं लॉगऑन करून बघा, दुसरी नाकारली जाईल, तो मेसेज एकदा घरी बघितला की कामावर दचकायला होत नाही. लिनक्स असेल तर सी३२७० हा टेक्स्टवाला टर्मिनल टीमक्सच्या (लिनक्सवरचा छोटा सेशन मॅनेजरच म्हणा) आत चालवा, टीमक्समधून बाहेर पडा, लॅपटॉपवरून परत शिरा, टर्मिनल जसाच्या तसा. सोडणं आणि बंद करणं यातला फरक भाच्याला मी असाच दाखवला, फोनवर अर्धा तास बोलून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते दोन मिनिटांत शिरलं. परवा म्हणाला, मामा, रात्री टीमक्समध्ये एडिट उघडं ठेवून झोपलो होतो, सकाळी तसंच होतं. म्हटलं, आता आधी त्यातून बाहेर पड.